कंदीच्या वजनाबाबत व्याह्यांना खुलासा

मळ्यातून, तालुका पलूस

मानाचे व्याही नाथाजीराव यांना नानासोचा गळाभेटीसकट रामराम, आणि सौ. अंजनाविहीणबाईंना दोन पावलं मागं सरून नमस्कार.

विहीणबाईंचा गुडघा कसा आहे? लग्नात कार्यालयाचा जिना चढताना त्यांनी कठडा धरला, तेव्हाच मी आमच्या सौ. मंगलला म्हटलं होतं की हा डावा गुडघा थंडीत बोलणार. आता थंडी सरली, ऊन चटकायला लागलं, तेव्हा त्यानं गप्प बसायला हरकत नाही. तुमचं सकाळी अजिंक्यताऱ्यावर फिरायला जाणं चालू असेलच. (तुम्ही वर जाता की पायथ्याला चहा पिऊन वर जाऊन आलो म्हणता, यावर तुमचं आणि विहीणबाईंचं एकमत नाही असं कानावर आहे. नवराबायकोच्या मध्ये व्याह्यानं पडू नये, म्हणून मी पडत नाही.) इकडची माणसं सगळी खुशाल आहेत. 'माणसं' म्हटलंय, याची नोंद घ्यावी.

हातात फोन असताना हा गडी कागद का काळा करतोय, असं तुम्हाला वाटेल. एक तर आमच्या मळ्यात फोन लागतो तो फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीला पाठ लावून उभं राहिलं तर. आणि तिथं बोललेलं खाली स्वयंपाकघरात शब्दन् शब्द ऐकू जातं. दुसरं, तुम्ही फोन उचलला की लगेच स्पीकर चालू करता. मग माझ्या एका वाक्याला तिकडून विहीणबाई, त्यांची बहीण आणि तुमच्या कामाच्या मावशी अशा तिघी उत्तर देतात आणि तुमचा नुसता खोकला ऐकू येतो. शिवाय आम्ही फौजेतली माणसं. खरं बोलायचं ते पत्रात, ही आमची जुनी खोड. तुम्ही तर कोयनानगरात नोकरी काढलीत. जमीन हलली तर आधी चहाचा कप धरायचा आणि मग दार बघायचं, असं तुम्हीच मला सांगितलंत. अशा माणसाला आडपडदा न ठेवता लिहायला काही हरकत नाही. येत्या रविवारी तुम्ही गाडी घेऊन आमच्या प्रियदर्शनीला (आधी तुमची, हे मान्य) आणि तिच्या कंदीला साताऱ्याला न्यायला येणार आहात. त्याच्या आत हे पत्र तुमच्या हातात पडावं, म्हणून बसलोय.

कंदीचं वजन घटलं, हे तिनं तुम्हाला फोनवर सांगितलं. का घटलं, ते तिनं अर्धंच सांगितलं असणार, कारण तुमची लेक घरातली गोष्ट उंबऱ्याबाहेर नेणारी नाही. उरलेलं अर्धं मी सांगतो. ते सांगायला तिच्यापेक्षा मीच योग्य माणूस आहे, कारण त्यातला बराचसा भाग मीच केलेला आहे.

पाठवणीची वेळ तुम्हाला आठवत असेल. सगळे रडत होते. (तुम्ही चष्मा पुसत होता. मी विचारलं तर धूळ म्हणालात. कार्यालय वातानुकूलित होतं.) तेवढ्यात विहीणबाई पुढं आल्या आणि त्यांनी टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात दिलं. मला वाटलं, ओटीचा नारळ असेल. म्हणून मी तो रीतीप्रमाणे कपाळाला लावला, तर नारळ हलला. विहीणबाई म्हणाल्या, "दोघांनाही सांभाळा," आणि पदर तोंडाला लावून मागं सरल्या. मी फौजेत उभी नोकरी केली. जे हातात दिलं ते सही करून घेतलं आणि जसंच्या तसं परत केलं. त्याच हिशोबानं मी त्या टॉवेलाचाही चार्ज घेतला. आत गिनीपिग नावाचं जनावर आहे, हे मला गाडीत कळलं. (त्या नावातल्या 'पिग'चा अर्थ मी घरात अजून कुणाला सांगितलेला नाही. तुम्हीही सांगू नका. देवघराला लागून त्याची जागा आहे.) अंगावर निम्मा रंग साताऱ्याच्या कंदी पेढ्याचा आणि निम्मा सायीचा, म्हणून नाव कंदी, हेही तिनं सांगितलं. घरी पोचलो तर शेजारच्या हरणाबाई ओवाळायला आल्या होत्या. त्यांनी टॉवेलातून बाहेर आलेलं तोंड बघितलं आणि "आगं बया, घूस!" म्हणून आरतीचं ताट माझ्या हातात देऊन खराटा उचलला. सूनबाईचा गृहप्रवेश झाला तो असा. ती मात्र हसली, आणि मला बरं वाटलं.

त्यानंतर ती फारशी हसली नाही, हेही खरंच लिहितो. आमचा सूरज सुट्टी संपवून लडाखला पलटणीत गेला आणि घरात उरलो आम्ही दोन म्हातारी माणसं आणि एक पोर. ती सगळं करायची. सांगितलं तर करायची, न सांगता करायची. पण विचारावं त्याला मला "हो मामा", "नाही मामा" आणि मंगलला "चालेल आत्या" एवढंच. पाहुणी मुक्कामाला असावी तसं वागणं. तिचा आवाज यायचा तो फक्त कंदीशी बोलताना. त्याच्यापुढं मांडी घालून बसली की ती दिवसभराचं सगळं त्याला सांगायची आणि तो शिट्टी घालून हुंकार द्यायचा. फ्रिजचं दार उघडलं तरी शिट्टी, पिशवी वाजली तरी शिट्टी. मी दाराआड उभा राहून ऐकायचो. (चोरून नव्हे. दार माझं आहे.)

आता गवताचं. हे नीट वाचा, कारण मूळ दुखणं इथं आहे. तुमच्या लेकीनं त्याच्यासाठी वाळकं गवत कुरियरनं मागवलं. आम्हाला पत्ता नाही. कुरियरवाल्यानं ते भलंमोठं खोकं चौकात उतरवून पारावरच्या माणसांना विचारलं, "सुभेदारांचं घर कुठलं? त्यांचं गवात आलंय पुण्यावरनं." नाथाजीराव, तुम्ही शहरात राहता, तुम्हाला यातली अब्रू कळायची नाही. ज्याच्या शेतात ऊस उभा आहे, दावणीला म्हशी आहेत, तो माणूस पुण्यावरून गवत मागवतो! पारावर लोक दोन दिवस हसत होते. पप्पू दुकानदारानं तर मला विचारलं, "आण्णा, पुढच्या बारीला पाणीबी पुण्यावरनंच का?" मी घरी येऊन सूनबाईला प्रेमानं (मी प्रेमानंच बोललो, मंगलचं मत वेगळं आहे) सांगितलं की पोरी, या घरात वैरणीला तोटा नाही, पुन्हा गवत मागवू नकोस. ती म्हणाली, "हो मामा." झालं. त्या दिवसापासून कंदीला उसाच्या शेंड्याचं कोवळं वाडं, मक्याची कणसं, चपातीचे तुकडे आणि भाकरीचा पापुद्रा सुरू झाला. जावयासारखी बडदास्त. पुण्याचं गवत ज्यानं पाहिलं असेल त्याला सांगतो, ते आमच्या म्हशीच्या पायाखालीही आम्ही घातलं नसतं. आणि नेमकं तेच त्याला हवं होतं.

मग एके दिवशी शिट्टी बंद झाली. तो वाटीपाशी धावत यायचा, घास तोंडात घ्यायचा, चघळल्यासारखं करायचा आणि टाकून द्यायचा. हनुवटी ओली. हळूहळू पाठ उतरली. सूनबाईचं तोंडही उतरलं. आता आमच्या भागात काय असतं बघा. नवी सून आली की आळीतल्या बायका आधी तिचं मनगट बघतात. बांगड्या कोपराकडं सरकायला लागल्या की सासरचं नाव गेलंच म्हणून समजा. कंदीला बांगड्या नाहीत, पण माहेरून आलेलं जनावर सासरी वाळलं हे काही चांगलं लक्षण नव्हे. हरणाबाई रोज येऊन त्याला निरखायच्या आणि "सुकलंय गं" म्हणून आमच्याकडं बघायच्या. मंगलनं त्याची मीठमिरच्यांनी दृष्ट काढली. मिरच्यांच्या ठसक्यानं तो शिंकला, मी शिंकलो, शेजारचा कुत्रा शिंकला. (दृष्ट मात्र कुणाची निघाली ते कळलं नाही.)

यानंतर आमच्या घरात जे झालं ते फक्त आमच्यासारख्या खाऊ घालणाऱ्या माणसांच्याच घरात होऊ शकतं. मी सकाळी गोठ्यात जाताना त्याच्या वाटीत भिजवलेली सरकीची पेंड ठेवायचो. अशक्त म्हशीला आम्ही तेच देतो. मंगल दुपारी दूधभात ठेवायची, वर तूप. हरणाबाईंनी डिंकाचा लाडू आणला. तो बाळंतिणीला देतात, पण त्यांच्या मते अंग भरायचं तर सगळ्यांना सारखंच. आता गंमत अशी की यातलं कुणीही दुसऱ्याला सांगितलेलं नव्हतं. आपण घातलेलं त्यानं खाल्लं नाही हे सूनबाईला दिसलं तर तिला वाईट वाटेल, म्हणून मी पेंड गुपचूप उचलून कोंबड्यांना टाकायचो. मंगल भात उचलायची. हरणाबाई लाडू उचलून स्वतःच खायच्या. त्यामुळं वाटी कायम मोकळी. मंगलला वाटायचं, यांची पेंड खातोय. मला वाटायचं, हिचा भात खातोय. संध्याकाळी सूनबाई विचारायची, "मामा, आज खाल्लं का त्यानं?" आणि मी मोकळी वाटी दाखवून म्हणायचो, "बघ की!" कंदी सुकत चालला आणि कोंबड्या अशा माजल्या की त्यांना खुराड्याच्या दारातून आत जाता येईना.

वजन करावं, असं ती सुरुवातीपासून म्हणत होती. तिच्याकडं छोटा काटाही होता. पण आमच्या मंगलची एक समजूत आहे, ती तिच्या आईकडून आलेली. "आवं, तोललेलं जनावर दावणीला टिकत न्हाई. तोलायचं ते गिऱ्हाइकानं न्हाईतर खाटकानं. आपल्या घरातलं आपण तोलू न्हाई." सूनबाई म्हणाली, "चालेल आत्या," आणि काटा कपाटात ठेवून दिला. मला दोन्ही बाजू पटत होत्या, म्हणून मी मधला मार्ग काढला. पाटलांच्या घरी माणसांचा वजनकाटा आहे, त्यावर आधी एकटा उभा राहिलो, मग कंदीला सदऱ्यात घेऊन. काट्याच्या मते एकटा मी आणि आम्ही दोघं यांत काही फरक नव्हता.

तेव्हा मी बिरदेवाला बोलावलं. बिरदेव माझा जुना मित्र, आटपाडीकडचा धनगर. ऊस तुटला की दरसाल आमच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला येतो. जन्म मेंढरांत गेलेला माणूस. त्याला काटा लागत नाही, पाठीवरून हात फिरवला की सांगतो. त्यानं कंदीला तळहातावर घेतलं, पाठीवर दोन बोटं फिरवली आणि म्हणाला, "नानासो, हाडं लागत्यात रं हाताला. मेंढरू असतं तर मी आजच बाजार दावला असता." मी म्हटलं, हळू बोल, सून घरात आहे. मग त्यानं ओठ वर करून दात बघितले, जसे मेंढीचे बघतात, आणि निकाल दिला. "दात झ्याक हायती. गडी जवान हाय. जंत झाल्यात पोटात, दुसरं काय न्हाई. वावडिंगाचा काढा द्या." आम्ही दोघं अनुभवी माणसं. काढा केला. कंदीनं तो माझ्या मिशांवर उडवला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात, त्यातला बंब आम्ही दोघं ओढत होतो.

आणि मग खुराड्यामागं सगळं उघडं पडलं. सूनबाई अंडी काढायला गेली. तिथं तिला पेंडीचा ढीग, तुपातला भात आणि डिंकाच्या लाडवाचा चुरा दिसला, आणि त्यावर चालता न येणाऱ्या कोंबड्या. ती आत आली. मी चहा घेत होतो, मंगल भाकरी थापत होती. ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "त्यानं किती दिवस काहीच खाल्लेलं नाही, हे तुम्हाला माहीत होतं?" मी कप खाली ठेवला. "मामा, तुम्ही मला मोकळी वाटी दाखवत होता! पेंड घालता त्याला? दूध? तूप? मारायचं ठरवलंय का तुम्ही सगळ्यांनी मिळून?" या घरात माझ्या आईच्या काळापासून कुठल्या सुनेचा आवाज चढलेला नाही. मंगलचं थापणं थांबलं. तव्यावरची भाकरी करपली तरी कुणी हललं नाही. पोर पायरीवर जाऊन बसली आणि रडायला लागली. कंदी तिच्या ओढणीत होता. म्हणाली, "मी पप्पांना सांगते. आम्हा दोघांना साताऱ्याला घेऊन जाऊ देत." आणि गच्चीवर गेली. खाली स्वयंपाकघरात आम्हाला तो फोन शब्दन् शब्द ऐकू आला. तुमचा "रविवारी येतो, बाळा" सुद्धा.

मी खरं सांगतो, नाथाजीराव, मला राग आला नाही. भीती वाटली. हे जनावर गेलं तर ही पोर उद्या परत येईलही, रीतीप्रमाणे नांदेलही, पण पुन्हा "हो मामा", "चालेल आत्या" एवढंच बोलेल, आणि ते आता आयुष्यभर. मंगल मला एकच वाक्य बोलली. "आवं, जीप काडा."

उजाडताच आम्ही मिरजेला निघालो. मी स्टेअरिंगवर, मागं सासूसुना, मध्ये बुट्टीत कंदी. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. रस्ता विचारायला थांबलो तर पानवाला म्हणाला, "पेशंटला काय हुतंय?" मी म्हटलं, जेवत नाही. त्यानं चार मोठ्या डॉक्टरांची नावं घेतली आणि विचारलं, "पेशंट चालता हाय का?" मी म्हटलं, चालता आहे, पण पायपुसण्याखाली जाऊन बसतो. तेव्हा कुठं त्यानं बुट्टीत वाकून बघितलं आणि जनावरांच्या दवाखान्याचा रस्ता दाखवला. तिथं डॉक्टर म्हणजे एक तरुण बाई, आपल्या पोरींच्या वयाची. त्यांनी कंदीला उचललं ते थेट काट्यावर. मंगलनं डोळे मिटले, भिंतीकडं तोंड केलं, आणि मग काय वाटलं कोण जाणे, वळून हात जोडून मोठ्यानं म्हणाली, "जोतिबा, इकत न्हाई बरं का! नुसतं बगायला तोलतोय!" डॉक्टरीणबाई माझ्याकडं बघायला लागल्या. मी म्हटलं, तुमचं चालू द्या, त्यांचं आपसात ठरलेलं आहे.

मग त्यांनी विचारलं, खातो काय? मला वाटलं, आता तरी आमच्या घराचं नाव होईल. मी वाडं, मका, चपाती, पेंड, दूध, तूप असं सगळं छाती पुढं काढून सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "आणि गवत?" मी सुनेकडं बघितलं. तिनं रिकामी बुट्टी मांडीवर ओढली. ती बोलली असती तर बरं झालं असतं. मीच म्हटलं, "गवत मी बंद केलं." तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं की या जनावराचे दात जन्मभर वाढत राहतात आणि वाळकं गवत चावून चावूनच ते झिजतात. गवत थांबलं, मागच्या दाढा वाढल्या, आत जिभेवर वळल्या. भूक असायची, वाटीपाशी धावायचा, पण चावायला गेला की टोचायचं. पुढचे दात झकास होते, बिरदेव तेवढ्यापुरता बरोबर होता. शिवाय माणसाला लागतं तसं याला क जीवनसत्त्व रोज बाहेरून द्यावं लागतं, ते उसाच्या वाड्यात कुठलं? दाढा घासायला हव्यात, भूल द्यायला हवी. पण इतका अशक्त झालाय की भुलीतून उठेलच असं सांगता येत नाही, हेही त्या म्हणाल्या. मग त्यांनी सूनबाईला विचारलं, करायचं का? तिनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "पोरी, तू म्हणशील तसं." ती म्हणाली, "करा."

आम्ही बाहेर बाकावर बसलो. शेजारी तंबोरे करणाऱ्यांचं दुकान होतं. आत कुणीतरी एकच तार पुन्हा पुन्हा लावत होतं आणि ती काही केल्या लागत नव्हती. मला त्या माणसाचा विनाकारण राग आला. मंगल जोतिबाशी बोलत होती. सूनबाईनं तिचा पदर मुठीत धरला होता, तिला स्वतःलाही ते कळलं नसेल. मी सीमेवर असताना घाबरलो नाही असं सांगत आलोय. (तेही पूर्ण खरं नाही.) पण त्या बाकावर मी घाबरलो होतो. दार उघडलं, टॉवेल बाहेर आला, आणि टॉवेल हलला.

आता घरची व्यवस्था ऐका. डॉक्टरीणबाईंनी दिलेली पूड पाण्यात कालवून, सुई नसलेल्या पिचकारीनं थोडं थोडं भरवायचं, रात्रंदिवस पाळ्या लावून. पाळ्या मी लावल्या, सूनबाईनं त्या बदलल्या. पहिल्याच पाळीला तिनं मला झापलं. "मामा, सरळ घशात नाही! गालाच्या बाजूनं! त्याला गिळू तरी द्या!" रंगरूट असताना उस्तादानं झापलं होतं, त्यानंतर मला असं कुणी बोललं नव्हतं. मी "येस सर" म्हटलं. ती आधी चपापली आणि मग हसली. आता दिवसभर आमची हजेरी चालते. मामा, हात धुतले का. आत्या, ती क जीवनसत्त्वाची ढबू मिरची धुऊन मग कापा. मामा, चष्मा लावून भरवा. घरात आवाज आहे, नाथाजीराव. मंगल मला म्हणते, "पोरगी लय बोलाय लागली." आणि म्हणताना तिचं तोंड असं फुललेलं असतं की काय सांगू.

गवताचा प्रश्न पडला होता. आमच्या बागायतीत सगळं हिरवंगार, वाळकं गवत आणायचं कुठून? बिरदेव स्वतःच्या गावाला जाऊन माळावरचं गवत भारा बांधून घेऊन आला. कुसळं वेचून काढलेली. म्हणाला, "घ्या बागायतदार, आमच्या दुष्काळाचं गवात." मी मान खाली घालून घेतलं. ते पुरेना म्हणून पुण्याहूनही एक खोकं मागवलं, माझ्या नावावर. ते पारावरून मी स्वतः डोक्यावर घेऊन आलो. पप्पू काहीतरी बोलणार होता, पण माझं तोंड बघून त्यानं आत जाऊन साखर मोजायला घेतली.

काटा आता देवघराशेजारीच असतो. रोज सकाळी आंघोळ करून मंगल स्वतः त्याला तोलते, "इकत न्हाई" हे जोतिबाला आधी सांगून. सुरुवातीला वजन आणखी घटलं. तेव्हा आम्ही तिघंही जेवलो नाही, प्रत्येकानं दुसऱ्याला जेवलो म्हणून सांगितलं. (खोड लवकर जात नाही.) मग ते थांबलं. मग एका सकाळी काटा जरासा पुढं सरकला, म्हणजे एखाद्या शेंगदाण्याएवढा. परवा मंगलनं ढबू मिरची काढायला फ्रिज उघडला आणि मागून शिट्टी आली. पहिल्यासारखी ठणठणीत नाही, पण शिट्टी. मंगलच्या हातातून मिरची पडली. ती तिथंच फरशीवर बसली आणि डोळ्याला पदर लावला. सूनबाई धावत आली आणि तिच्या गळ्यात पडली. मी गोठ्यात गेलो. मला तिथं काम होतं.

तर असा खुलासा आहे. दिलेला माल जसाच्या तसा ठेवता आला नाही, ही कसूर माझी. तुम्ही रविवारी अवश्य या. पुरणाचा बेत आहे. विहीणबाईंनी जिना चढायला नको, म्हणून झोपायची सोय खालीच केली आहे. लेक तुमची आहे, तिला आणि कंदीला चार महिने माहेरी न्यायचं असेल तर आमची काहीच हरकत नाही. रीतच आहे ती. लहानथोरांना यथायोग्य सांगा, आणि अजिंक्यतारा खरोखर चढत असाल तर जपून चढा.

आपला व्याही,
नानासो (माजी सुभेदार)

ता. क. महत्त्वाचं लिहायचं राहिलं. कंदीला प्रवास अजिबात झेपणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं आहे. त्यात तुमच्याकडच्या रस्त्याची कामं चालू, गचके फार. आणि त्याच्याजवळ त्याच्या सवयीचं माणूस हवंच, असंही त्या म्हणाल्या. (म्हणाल्यासारखं मला आठवतंय.) म्हणजे ओघानंच सूनबाईलाही निघता येणार नाही. माझा नाइलाज आहे.

ता. क. दुसरा. वर 'आमची काहीच हरकत नाही' असं लिहिलंय, ते रीत म्हणून. हरकत आहे. भरपूर हरकत आहे. त्या दिवसानंतर तिनं साताऱ्याचा विषय काढलेला नाही आणि विचारायची आमची छाती होत नाही. मंगल रोज तिच्या आवडीचं करते आणि माझ्याकडं बघते. तिला नेऊ नका असं म्हणायचा मला हक्क नाही, म्हणून कंदीला पुढं केलं. एवढंच करा. जाताना तुम्ही आपणहून तिला "चल" म्हणू नका. ती स्वतः निघाली तर मीच तिची बॅग गाडीत ठेवीन, शब्द देतो. पण तुम्ही म्हणू नका.

ता. क. तिसरा. हे पत्र तिच्याच हाती पोस्टात पाठवतोय, कारण भरवायची पाळी माझी आहे आणि पाळी सोडून गेलो तर मला बोलणी बसतील. पाकीट बंद केलंय. दुसऱ्याचं पत्र वाचणारी पोर नव्हे ती.

पप्पा, मामांनी पाकीट भाताच्या शितानं चिकटवलं होतं, ते फाटकापर्यंतसुद्धा टिकलं नाही. प्रवासाबद्दल डॉक्टर एक अक्षर बोललेल्या नाहीत. मी हे वाचलं ते मामांना रविवारपर्यंत कळू देऊ नका, जरा झुरू देत. तुम्ही येताना मात्र टेम्पो करून या. माझं पुस्तकांचं कपाट तिकडंच राहिलंय, ते इकडं आणायचंय.